दोनचंद्री

घरी पाहुणा आला की बाइंडरकाकांची बायको त्याला दारातच बजावायची, "त्यांना चंद्राचं काही विचारू नका, चहा गार होईल." तरी एखादा विचारायचाच. मग काका खळीचे हात पुसून उठायचे आणि पाहुण्याला रॅकपुढे उभं करायचे.

रॅकवर एकशे बारा कादंबऱ्या होत्या. खिशात मावतील अशा, स्वस्त कागदाच्या, कडांना तपकिरी पडलेल्या. मुखपृष्ठांवर अग्निबाण, शिंगं असलेले राक्षस आणि हवा नसलेल्या ग्रहावर बिनबाह्यांच्या झग्यात मजेत उभ्या राजकन्या. प्रवासात वाचायच्या आणि उतरताना सीटवर सोडून द्यायच्या, अशा या वस्तू. म्हणून तर त्यांची पहिली आवृत्ती मिळायची मारामार. त्या जपून ठेवाव्यात असं तेव्हा कुणाला वाटलंच नव्हतं.

त्यातल्या त्यात दुर्मीळ 'तिसऱ्या चंद्राचा पहारेकरी'. नावात तिसरा चंद्र, पण पहिल्या आवृत्तीच्या चित्रात चंद्र दोनच. चित्रकाराने एकतर पुस्तक वाचलं नसावं, नाहीतर त्याचा रंग संपला असावा. दुसऱ्या आवृत्तीत तिसरा चंद्र उगवला, पण कागद वाचवायला प्रकाशकाने शेवटची दोन प्रकरणं उडवली. जमवणाऱ्यांच्या तोंडी पहिली ती 'दोनचंद्री', दुसरी 'तीनचंद्री'. काकांकडे तीनचंद्रीच्या चार प्रती होत्या. दोनचंद्री एकही नव्हती, आणि दोनचंद्री हाताशी असताना तिची वाट लावणारे काका स्वतःच होते.

काका आठ वर्षांचे असताना पाय मोडून तीन महिने अंथरुणावर पडले होते. तेव्हा नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईने त्यांना ती कादंबरी वाचून दाखवली, संपली की पुन्हा पहिल्या पानापासून. पुस्तक तिचं, फार लाडकं. पुढे सोळाव्या वर्षी काका बाइंडिंगच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि आपण काय शिकलो ते दाखवायची त्यांना भारी हौस आली. ताईला न सांगता त्यांनी पुस्तक उचललं, पिना काढल्या, चित्राचं कव्हर फाडून टाकलं, जुजबंदी शिलाई घातली, तिन्ही बाजू मशीनवर कापल्या आणि वर कापडी पुठ्ठा चढवला. दुकानात असंच करायचे. कव्हर ही फेकायची गोष्ट आणि पुठ्ठा ही टिकायची.

ताईने पुस्तक हातात घेतलं, क्षणभर गप्प राहिली आणि "छान झालंय रे" म्हणाली. त्या गप्प राहण्याचा अर्थ काकांना दहा वर्षांनी कळला, कव्हराची किंमत समजली तेव्हा. तेव्हापासून त्यांनी त्या बांधलेल्या प्रतीला हात लावला नाही, आणि दुसरी दोनचंद्री शोधायची थांबवली नाही. एकदा तीनचंद्री नेऊन दिली. ताईने ती शेवटून चाळली आणि परत केली. "हे ते नव्हे," एवढंच म्हणाली. काकांना वाटलं, चंद्र मोजले असणार.

गेल्या वर्षी ताईच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. काकांची झोप उडाली. नजर जायच्या आत ताईला ते चित्र दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. रद्दीची दुकानं त्यांनी इतक्या वेळा पालथी घातली की एका रद्दीवाल्याने त्यांच्यासाठी कायमचं स्टूल मांडून ठेवलं.

आणि पुस्तक शेवटी आपल्या पायांनी दुकानात आलं. निवृत्त शिक्षिकाबाई बारा जुन्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आल्या. "यजमानांची आहेत. ही घाणेरडी कव्हरं फाडा आणि मजबूत पुठ्ठे घाला."

वरून चौथं पुस्तक. काकांनी चंद्र मोजले. परत मोजले.

"बाई," ते म्हणाले, "अकरा फुकट बांधून देतो. हे एवढं मला द्या."

"पण यात चूक आहे हो. तीन म्हणतात आणि दोनच काढलेत."

"म्हणूनच पाहिजे," काका म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं आणि पुस्तक देऊन टाकलं.

काका तसेच, ॲप्रन न काढता, ताईकडे गेले. ती खिडकीजवळ बसली होती. त्यांनी पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

"चंद्र किती?" तिने विचारलं.

"दोन."

ताईने मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहिलं. "हिरवं काहीतरी दिसतंय. मध्ये नुसतं धुकं आहे रे." काकांचा चेहरा पडला. इतकी वर्षं धावून शेवटी उशीरच झाला होता. पण ताईने कव्हरावरून हात फिरवून ते सरळ उलटलंच. "चित्राचं राहू दे. एकशे अकरावं पान काढ. आणि कपाटातलं माझं पुस्तक आण."

शेहेचाळीस वर्षांनी काकांनी आपली बांधणी उघडली. शिलाई शाबूत होती. पण सत्त्याण्णवपासून एकशे बारापर्यंत, सोळा पानांच्या एका अख्ख्या फर्म्यात, प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब. घडी वाकडी बसली होती आणि मशीनने ओळी खाल्ल्या होत्या. बाजूच्या कोऱ्या जागेत ताईने पेन्सिलीने आपल्या ओळी लिहिल्या होत्या. एकशे अकराव्या पानाशी मात्र काहीच नव्हतं.

"ताई, हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"किती खूश होतास तू! कुठल्या तोंडाने सांगू? बाकीच्या ओळी जमल्या मला. ही एकच बसेना, आणि तू आणलेल्या त्या दुसऱ्या प्रतीत तर हे प्रकरणच नव्हतं. कप्तान काहीतरी विचारतो, आणि पुढच्या पानावर पहारेकरी म्हणतो, 'छे रे, आत्ताच तर उभा राहिलो.' तीनशे वर्षं उभा असलेला माणूस असं का म्हणेल? काय विचारलं असेल त्याला?"

काकांनी नवी प्रत उघडली आणि वाचू लागले. "तीनशे वर्षांनी त्या खडकावर यान उतरलं. म्हातारा कप्तान शिडी उतरून खाली आला आणि म्हणाला..."

पुढची ओळ त्यांनी आधी मनात वाचली. मग मोठ्याने.

"'फार उशीर झाला मला. वाट पाहून थकलास का?'"

मग ताईने हात पुढे केला, चाचपत त्यांचं मनगट शोधलं आणि धरलं.

"छे रे," ती म्हणाली, "आत्ताच तर उभा राहिलो."

काकांनी चष्मा काढून ॲप्रनला पुसला. त्याला खळ लागली आणि तो आणखीच धूसर झाला.

"रडतोस काय," ताई म्हणाली. "वाच पुढे."