एका विषयावर एकच हरकत

भाजीवाल्याने चुकून एक लिंबू जास्त टाकलं, तर आमचे हे ते लिंबू घरी आणून आधी उजेडात धरतात. मग नाकाशी नेतात. मग मला विचारतात, "का दिलं असेल गं त्याने?" मी म्हणते, लिंबू आहे, सरबत करू. तर म्हणतात, "तेच तर. आज लिंबू देईल, उद्या सडका कोबी गळ्यात मारेल. आवळा देऊन कोहळा काढायची रीत आहे ही."

असल्या माणसाबरोबर मी संसार केला. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ह्यांनी माझ्या वडिलांना पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मुलगी एवढी चांगली आहे, तर मग आमच्याकडे कशी काय?" वडील म्हणाले, "आमची चूक होत असेल." हे उत्तर ह्यांना पटलं, म्हणून लग्न झालं.

ह्यांचं कुलपांचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. एक शिकंजा, दोन-चार कानशी, आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. लोक म्हणतात, कुलूपवाला संशयी असायचाच, धंदाच तसा. मला ठाऊक आहे, संशय आधी आला आणि कुलपं नंतर. आई-वडील गेले तेव्हा हे नुकते शाळेत जायला लागले होते. त्यांच्या काकांनी डोक्यावरून हात फिरवत "पोरांनो, मी आहे ना" म्हटलं आणि राहतं घर स्वतःच्या नावावर करून घेतलं. मग ह्यांची मोठी बहीण, आमच्या आक्का, लोकांचे कपडे शिवून ह्यांना वाढवत राहिल्या. स्वतःच्या लग्नाचा विचार करायला त्यांना वेळच झाला नाही. भावाला, त्यांच्या लाडक्या बाळ्याला, त्यांनी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली: गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ.

हे शिक्षण ह्यांच्या अंगी इतकं मुरलं की एक दिवस गावाच्याच कामाला आलं. नगरपालिकेने आमच्या गल्लीत नवा नळ बसवला होता. अध्यक्ष फीत कापणार, तेवढ्यात हे पुढे झाले आणि पाइपवर कानशीने टकटक करून म्हणाले, "पोकळ वाजतोय. खणा." लोक हसले. दोघांनी गंमत म्हणून खणलं, तर पाइप हातभर खाली जाऊन संपला होता. कशालाच जोडलेला नव्हता. ते अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत पडले आणि आमचे हे सभासद म्हणून निवडून आले. न मागता मतं पडली, म्हणून महिनाभर त्या मतांवरही संशय घेत होते.

आता आमच्या नगरपालिकेची एक तऱ्हा सांगायला हवी. इथे मतदान होत नाही. प्रत्येक निर्णय एकमताने, असा इथला अभिमान आहे. दरवर्षी सभागृहात पाटी लागते, "यंदाही सर्व निर्णय एकमताने." अध्यक्ष विषय वाचतात, "मंजूर?" विचारतात, सगळे टेबलावर थापा मारतात, झालं. एकाने जरी हरकत घेतली तरी तो विषय बारगळतो. आमचे हे तिथे जाऊन बसले, तेव्हा बिचाऱ्यांचं काय झालं असेल बघा. दिव्याचा खांब, हरकत. बागेतली घसरगुंडी, हरकत. शोकप्रस्तावाला सुद्धा ह्यांनी विचारलं होतं, "नक्की गेलेत ना?" गावाने ह्यांचं नाव हरकतमामा ठेवलं, आणि त्या ओघात मी मामी झाले.

शेवटी सभासदांनी एक नियम केला, एका विषयावर एका सभासदाची एकच हरकत. त्या दिवशी हे तापाने अंथरुणात होते. नियम एकमताने मंजूर झाला.

इथवर सगळी गंमत होती. गंमत संपली ती आक्कांच्या पायापाशी.

आक्कांना साखरेचा आजार. घोट्याखाली जखम झाली आणि ती भरेना. नर्सबाईंनी बजावून सांगितलं होतं, ड्रेसिंग रोजच्या रोज झालं पाहिजे, एक दिवसही चुकवाल तर पाय हाताबाहेर जाईल. नगरपालिकेचा दवाखाना बाजारामागे. आक्का भिंतींना धरून धरून जायच्या, त्यात त्या दवाखान्याचं छत गळायचं. तपासायच्या टेबलाशेजारी बादली ठेवलेली असायची आणि थेंब पडला की पेशंट दचकायचा. छत उतरवायचं ठरलं. सोमवारी मजूर येणार होते, आणि त्याआधीच्या सभेत दवाखाना कुठे हलवायचा याचा निर्णय व्हायचा होता.

सभेच्या आदल्या दिवशी नवे अध्यक्ष आमच्या दुकानात आले. नवे म्हणजे नळवाल्या अध्यक्षांचे जावई. स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मामा, दवाखाना तुमच्या गल्लीत आणतोय. वजनकाट्याची जुनी खोली रिकामीच आहे. आक्कांना चार घरं चाललं की झालं. खास तुमच्यासाठी म्हणा हवं तर."

झालं! "खास तुमच्यासाठी" हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारू नयेत.

हे तसेच उठून वजनकाट्याच्या खोलीकडे गेले. भिंती ठोकून पाहिल्या, फरशीला कान लावला, दाराच्या कुलपात काडी घालून पाहिली. मागची मोकळी जागा कुणाची, म्हणून चौकशी केली. ती निघाली पिठाच्या गिरणीवाल्याची, आणि त्याचं अध्यक्षांशी नातं नाही, देणंघेणं नाही, साधी ओळखसुद्धा नाही. मला वाटलं, आता तरी जीव शांत होईल. जेवायला बसले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"काहीच सापडत नाही," म्हणाले.

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? काहीच सापडत नाही म्हणजे फार खोल आहे. कुठेतरी पाणी मुरतंय."

मला संताप आला. "अहो, आक्कांच्या पायासाठी तरी एकदा गप्प बसा! तुम्ही फक्त टेबलावर थाप मारायची आहे. सगळं गाव मारतं."

"म्हणूनच गप्प बसत नाही. आपली गरज त्याला कळलीय. गरज कळली की माणूस किंमत लावतो. आणि काय गं, आक्काच्या पायाचं त्याला कुणी सांगितलं? तू?"

"मी कशाला सांगू?"

आक्का खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होत्या. ओवलेला दोरा त्यांनी काढला आणि पुन्हा ओवायला घेतला. 

सभेला मी मुद्दाम गेले. मागे लोकांसाठी बाकडं असतं, तिथे बसून ह्यांच्या पाठीकडे बघत राहिले, जणू माझ्या बघण्याने ते खुर्चीला चिकटून राहणार होते. हिरवं कापड घातलेलं लांब टेबल, वर कुरकुरणारा पंखा, शिट्टी मारणारा माइक. चौथा विषय दवाखान्याचा. अध्यक्षांनी वजनकाट्याच्या खोलीचं नाव वाचलं आणि "मंजूर?" विचारलं. हात थापा मारायला वर गेले, आणि आमचे हे उठले.

"हरकत आहे."

"कारण?"

"कारण शोधतोय."

सगळे हसले. मी नाही हसले. अध्यक्षही हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मामा, तुमच्याच गल्लीत येतोय दवाखाना. नक्की ना?"

हे मागे वळून माझ्याकडे बघून पुटपुटले, "बघितलंस? दोनदा विचारतोय." आणि मोठ्याने म्हणाले, "नक्की."

ती खोली बारगळली, पण विषय तोच राहिला. सोमवारी तर छत उतरणार होतं. मग कुजबुज झाली, आणि चपलांचं दुकान असलेले एक सभासद म्हणाले, हमरस्त्याच्या चढावर, बर्फाच्या कारखान्याशेजारी एक इमारत मोकळी आहे. "मंजूर?" हे ताडकन उठले. तो चढ म्हणजे धडधाकट माणसाला धाप लागते असा. "हरकत!" ओरडले.

सभेची नोंदवही सांभाळणारे मोठे बाबू अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मामा, या विषयावर तुमची एक झाली."

टेबलावर थापा पडल्या. हे उभेच होते. बसा असं कुणी म्हटलं नाही, आणि स्वतःहून बसायचं ह्यांना सुचलं नाही.

घरी येईपर्यंत ह्यांनी सगळा डाव उलगडला होता. "जाळं होतं ते! माझी हरकत आधी काढून घेतली आणि मग खरा विषय पुढे सरकवला. जावई कुणाचा आहे? सासऱ्याचा वचपा काढला." खरं सांगते, मला ते पटलं. इतकं जुळत होतं की माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. संध्याकाळी अध्यक्षांची बायको दुकानासमोरून गेली, तर मी तोंड फिरवलं.

आक्का दोन दिवस चढावर गेल्या. तिसऱ्या दिवशी अर्ध्यातूनच परत फिरल्या. रिक्षावाले त्या चढाला नाक मुरडायचे. ह्यांनी दुकान बंद ठेवून एका लाकडी खुर्चीला हातगाडीची चाकं बसवायला घेतली, पण चाकं एकसारखी मिळेनात, आणि भंगारवाल्याने दिलेली चाकं "इतकी चांगली का देतोय" म्हणून ह्यांनी परत केली. खुर्ची तयार झाली तोवर जखम काळी पडली होती. मोठ्या इस्पितळात नेलं. पाय वाचला. दोन बोटं काढावी लागली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला म्हणाले, "त्या माणसाला मी सोडणार नाही."  मी पाठीवरून हात फिरवला. शिव्याही दिल्या अध्यक्षांना, मनापासून.

आक्का घरी आल्यावर, एका दुपारी मी त्यांचं डोकं विंचरत होते. हे दुकानात होते. आक्का एकदम म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं गं त्याला."

"कुणाला?"

"अध्यक्षाला. बोट कापलं म्हणून दवाखान्यात आला होता. माझ्या शेजारीच बसला, त्या बादलीपाशी. मी म्हटलं, आमच्या गल्लीत वजनकाट्याची खोली रिकामी पडलीय, तिथे आणा की दवाखाना. म्हणाला, आणतो आक्का. आणि आणत होता बघ."

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि बदल्यात त्याने काय मागितलं?"

आक्का माझ्याकडे वळून बघत राहिल्या आणि हसल्या. "बघ, तूसुद्धा. म्हणून तर नाही सांगितलं. बाळ्याने हेच विचारलं असतं. मला विचारलं असतं. तू त्याला काय देऊन बसलीस, म्हणून. सगळ्या जगावर संशय घे म्हणून मीच शिकवलं, पण मी त्यातून बाहेर राहावं असं वाटायचं मला."

मला रडू आलं. राग नक्की कुणाचा आला ते कळेना. ह्यांचा आला, त्या मेलेल्या काकांचा आला, त्या पाटीवरच्या एकमताचा आला. मी म्हटलं, "मी सांगते ह्यांना. कळू दे एकदा."

"काय सांगशील? की माझी बोटं त्याच्या हरकतीपायी गेली?" आक्कांनी माझा हात घट्ट धरला. "नको. दोष दुसऱ्याचा आहे म्हणून तो रात्री झोपतोय. तेवढी झोप राहू दे त्याला."

मी नाही सांगितलं. नवऱ्यापासून काही लपवायची सवय नसलेली मी, आता ह्यांनी "काय गं, काय विचार करतेस?" विचारलं की दचकते. आणि हे तर विचारणारच.

आता रोज सकाळी आम्ही तिघं त्या चढावर जातो. आक्का खुर्चीत, एका मुठीवर ह्यांचा हात, दुसऱ्या मुठीवर माझा. पुढचं चाक डावीकडे ओढतं. परवा अर्ध्या चढावर अध्यक्षांची गाडी मागून आली आणि सावकाश झाली. काच खाली गेली. "आक्का, सोडू का वरपर्यंत?"

"नको," आक्कांच्या आधी हे म्हणाले.

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत हे तिच्याकडे बघत होते. मग खुर्चीवर वाकून म्हणाले, "बघितलंस आक्का? आता वर मायाही दाखवतोय. लबाड आहे की नाही? तूच सांग."

आक्कांनी आयुष्यात कुणाबद्दल खोटा शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरचं पांघरूण नीट केलं आणि समोर बघत म्हणाल्या, "हो रे बाळ्या. लबाडच आहे मेला."

ह्यांना बरं वाटलं. ह्यांनी खुर्चीला जोर लावला, मीही लावला, आणि आम्ही पुन्हा चढू लागलो.