ओपीडीत नेलेली वंशावळ

आमच्या घराण्याची एक टाच आहे. म्हणजे टाचा सगळ्यांनाच असतात, आमची जाड असते. टाचेच्या मागून जी शीर वर पोटरीकडे जाते, ती आमच्याकडे दोरखंडासारखी फुगलेली. वडील गोदेकाठी यात्रेकरूंचं उपाध्येपण करायचे. ते अभिमानाने सांगत, पिढ्यान्‌पिढ्या घाटाच्या पायऱ्या चढल्या-उतरल्यावर पाय असेच होणार. पुढे मीही तेच सांगत आलो. माझ्या बाबतीत ते जरा अवघड होतं, कारण मी नोकरी नाशिक रोडच्या एका सरकारी कचेरीत केली आणि तिथे लिफ्ट आहे.

गेल्या वर्षी कचेरीतर्फे रक्ततपासणी झाली. माझं कोलेस्टेरॉल इतकं निघालं की लॅबवाल्याने स्वतःचंच चुकलं असेल समजून पुन्हा रक्त घेतलं. दुसऱ्यांदाही आकडा तेवढाच. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे दर गुरुवारी फक्त याच कामाची ओपीडी असते, लिपिड क्लिनिक म्हणतात. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान डॉक्टरीणबाई. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या, मग म्हणाल्या, "मोजे काढा."

मी हौसेने टाच पुढे केली आणि घाटाच्या पायऱ्यांचं सगळं पुराण ऐकवलं. त्यांनी ती शीर चिमटीत धरली.

"काका, यात कोलेस्टेरॉल साठलंय."

"म्हणजे घाटामुळे..."

"घाटाचा काही संबंध नाही."

हा जन्मापासूनचा दोष आहे, आईकडून किंवा वडिलांकडून येतो, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल काढून टाकायचं यकृताचं काम नीट होत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मी मध्येच तुपाबद्दल विनोद केला होता म्हणून दुसऱ्यांदा. गोळ्या आयुष्यभर. शेवटी एक कागद हातात दिला. घरातली तीन पिढ्यांची माणसं, कुणाला हृदयाचं काही झालं का, कोण कितव्या वर्षी गेलं. "घरी विचारून नीट भरून आणा. हे फार महत्त्वाचं आहे."

आता वंशावळ ही आमच्या घरची विद्या. गावोगावचे यजमान यायचे, वडील त्यांच्या गावाची चोपडी काढायचे आणि त्यांना त्यांच्याच खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवायचे. माणसं गहिवरायची. त्या घरच्या मुलाला तीन पिढ्यांचा कागद देता? मी ड्रॉइंगचा मोठा कागद आणला. मूळपुरुष लाल शाईत, बाकी काळ्या. अकरा पिढ्या. शनिवार-रविवार आणि एक किरकोळ रजा त्यात गेली. पुढच्या गुरुवारी मी ती गुंडाळी काखेत मारून ओपीडीत बसलो, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "एवढा मोठा एक्स-रे कुणाचा हो?"

डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर पसरला. तो पुन्हा गुंडाळला जायला लागला, तेव्हा एका कोपऱ्यावर ब्लडप्रेशरचं यंत्र ठेवलं. त्या खरंच बघत राहिल्या. मी खुर्चीत थोडा मागे रेललो.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण यात बायका कुठे आहेत?"

मी वाकून पाहिलं. एकही नव्हती. अकरा पिढ्या पुरुषांना पुरुष झाले होते.

"आमच्याकडे चोपडीत मुली लिहीत नाहीत," मी म्हणालो. "त्या दिल्या घरी जातात. त्यांचं नाव तिकडच्या चोपडीत."

"तिकडे लिहितात?"

"तिकडे... नवऱ्याचं लिहितात."

त्या हसल्या नाहीत. पेन उघडून म्हणाल्या, "सख्ख्या बहिणी किती?"

"एक. थोरली. गेली."

"किती वर्षांच्या होत्या?"

"त्रेचाळीस. ॲटॅक."

"आधी काही त्रास होत होता? छातीत दुखणं, दम लागणं?"

"नाही," मी म्हणालो. "एकदम झालं."

हे मी खोटं बोललो.

ताई मनमाडला दिलेली. बारा वर्षांपूर्वी नवरात्रात, पाचव्या माळेच्या दुपारी तिचा फोन आला होता. म्हणाली, "जिना चढला की छातीत भरून येतं रे. जबडा पण धरल्यासारखा होतो. डॉक्टरला दाखवू का?" मी कचेरीत होतो. समोर चार जण चहा पीत बसलेले, आणि मला प्रेक्षक मिळाले की माझं काय होतं ते माझ्या घरच्यांना विचारा. मी मोठ्याने म्हणालो, "ताई, पाच दिवस साबुदाणा आणि शेंगदाणे. देवी प्रसन्न होवो न होवो, ॲसिडिटी नक्की प्रसन्न होणार. ओवा खा आणि गप पड." चौघे हसले. ताईही हसली. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणाली आणि फोन ठेवला. आठव्या माळेला सकाळी ती स्वयंपाकघरात गेली ती गेलीच.

त्या फोनबद्दल मी कुणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही. आणि डॉक्टरांसमोरही बोललो नाही. काय बिघडलं असतं? त्या मला रागावल्याही नसत्या, त्यांनी फक्त लिहून घेतलं असतं.

त्यांनी माझ्या देखण्या कागदावर, माझ्या नावाशेजारी, बॉलपेनने एक गोल काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. म्हणजे स्त्री, मृत. "त्यांना मुलं?"

"एक मुलगी. नांदगावला दिलीय."

गोलाखाली आणखी एक गोल आला. "वय?"

"सत्तावीस. तिला एक मुलगी आहे, पाच वर्षांची."

"मग हिची तपासणी तुमच्याइतकीच महत्त्वाची. ताईंना हा दोष असणार असं दिसतंय. असेल, तर हिच्यात यायची शक्यता निम्मी. आत्ता कळलं तर गोळ्या सुरू करता येतात. पुढचं टळतं." त्यांनी एक छापील पत्र दिलं, 'रुग्णाच्या नातेवाइकांसाठी'. "हे त्यांच्यापर्यंत पोचवा. या आठवड्यातच."

मी चार महिने लावले.

पत्र पाकिटात होतं आणि पाकीट कचेरीच्या बॅगेत, म्हणजे ते रोज माझ्याबरोबर नाशिक रोडला जाऊन परत येत होतं. फोन करायचा तर भाची विचारणार, आईला आधी काही होत होतं का. आणि डॉक्टरांना मारलेली थाप त्या पोरीला मारायची माझी हिंमत नव्हती. खरं सांगायची तर त्याहून नव्हती. मग मी एक मार्ग काढला, ज्याची मला आजही लाज वाटते. फॅमिली ग्रुपवर मी कोलेस्टेरॉलचा एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. त्यात एक गृहस्थ लसूण चावून दाखवत होते. खाली मी लिहिलं, 'सर्वांनी तपासून घ्यावे'. भाचीने अंगठा दाखवला. चुलतभावाने सुप्रभात टाकलं. मी स्वतःला म्हटलं, झालं, पोचवलं.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली. माझं कोलेस्टेरॉल छान उतरलं होतं. मी शाबासकीची वाट पाहत बसलो.

"भाचीचा रिपोर्ट?"

"कळवलंय मी."

"काय म्हणाल्या?"

"अंगठा दाखवला," मी म्हणालो.

त्यांनी फाइल मिटली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी उठून बाहेर आलो आणि घरी न जाता तसाच स्टेशनवर गेलो.

नांदगावला भाचीचं घर बाजाराच्या मागे आहे. अवचित मामा दारात पाहून ती घाबरली. "मामा? कोण गेलं?"

"कुणी नाही. सहज आलो."

"तू सहज येत नाहीस. बस."

ती पाणी आणायला वळली आणि माझी नजर तिच्या टाचांवर गेली. परक्या घरात सुनेच्या पायांकडे टक लावून पाहणारा मामा तिच्या सासूबाईंना दिसला. त्या पदर सावरत म्हणाल्या, "भेगा हायेत, लय सांगितलं मलम लाव म्हणून." मी मान डोलावली. भेगा नव्हत्या पाहत मी. शीर जाड होती की मलाच तशी दिसत होती, सांगता येईना.

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी बॅगेतलं पाकीट पुढे केलं. ती उभ्यानेच पत्र वाचत होती. वाचून झाल्यावर पहिल्यांदा तारीख पाहिली.

"हे चार महिन्यांपूर्वीचं आहे."

"हो."

"मग इतके दिवस?"

मी म्हणालो, "सरकारी टपाल आहे, वेळ लागतो." तोंडातून निघूनच गेलं. ती हसली नाही. आईसारखी हसेल असं मला उगाच वाटलं होतं.

मग मी सांगितलं. पाचवी माळ, कचेरी, समोरचे चौघे, साबुदाणा, ओवा. ताई डॉक्टरला दाखवू का विचारत होती, हेही. काही गाळलं नाही, कारण गाळत गेलो असतो तर थांबलोच नसतो. ती खाटेच्या कडेवर बसली.

"ओवा मी दिला होता तिला," ती म्हणाली.

मला कळेना.

"फोन ठेवला आणि मला म्हणाली, मामा म्हणतो ॲसिडिटी आहे, जरा ओवा भाजून दे. तीन दिवस मी रोज देत होते. मला वाटायचं मी जास्त भाजला. करपला होता एकदा. त्यानेच काही झालं असेल." पत्राची घडी ती पुन्हा पुन्हा घालत होती. "दहावीत होते मी. कुणाला विचारणार?"

बारा वर्षं. मी एक फोन लपवून ठेवला होता, आणि त्या फोनचं दुसरं टोक एका पंधरा वर्षांच्या पोरीने धरलेलं होतं, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. मी म्हणालो, "तुझ्या ओव्याने काही झालं नाही. तू काही केलं नाहीस. मी केलं."

"हे तू तेव्हा सांगायला हवं होतंस."

"हो."

"आत्ता सांगून मला बरं वाटावं असं असेल, तर नाही वाटत."

"हो," मी पुन्हा म्हणालो. चहा आला. आम्ही तिघांनी तो सासूबाईंच्या कांद्याच्या गप्पा ऐकत संपवला. निरोप घेताना वाकून नमस्कार करायची तिची पद्धत आहे. या वेळी तिने केला नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने गावातच रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्टचा फोटो मोबाइलवर आला, फक्त मला पाठवलेला, ग्रुपवर नाही. आकडा माझ्या जवळपासचा होता. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. पाठोपाठ तिचा फोन.

"बघितलंस?"

"बघितलं."

"गुरुवारी मी येतेय. यांनी दुकान बंद ठेवायचं ठरवलंय, मला घेऊन येणार आहेत. तू ओपीडीत लवकर जाऊन नंबर लाव." मग म्हणाली, "आणि छोटीचं? तिचं आत्ताच रक्त तपासायचं की मोठी झाल्यावर? तिला आणू का?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. चांगलं धीराचं, थोडं गमतीचं. पाच वर्षांच्या पोरीला काय होतंय, अशा धर्तीचं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांना विचारतो."

"कधी?"

"आत्ता. फाइलवर नंबर आहे त्यांचा."

"विचार. मी फोन धरून बसलेय."