अर्धा साकव

आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एखाद्या माणसाविषयी लिहावं एवढी माझी तयारी नाही. पण धाकूतात्यांना आमच्या वाडीबाहेर फारसं कोणी ओळखत नाही, म्हणून धीर करतो.

रत्नागिरीपासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर आमची वाडी. खाली पऱ्ह्या, म्हणजे ओढा, आणि पऱ्ह्यापलीकडे दुसरी वाडी. इतकी जवळ की तिकडे सुका बांगडा भाजला की वास आमच्या पडवीत. पावसाळ्याआधी दोन्ही वाड्या आपापल्या काठावरून लाकडी साकव बांधत येत, मधोमध जोडत आणि तिथेच चहा पीत. पण एका शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात नाचवायची यावरून भांडण झालं. त्यानंतर पलीकडचे साकवाला आलेच नाहीत. पाणी वाढलं की सडा चढून डांबरी रस्त्याने मोठा वळसा.

तात्यांची लेक, सुमनताई, पलीकडच्याच वाडीत दिलेली.

तात्या मात्र दरवर्षी आपला अर्धा साकव बांधत आणि चहाची किटली घेऊन त्याच्या टोकाशी बसत. आमची माणसं हसत.

"तात्यानू, पाण्यात उडी मारायची सोय केलीत काय?"

"तुज्यासाठीच केलंय, मेल्या. ये, ढकलतो!"

मी एकदा भीतभीत विचारलं, "तात्या, पुराच का नाय बांधत?"

"त्यांचा अर्धा मीच बांदला, तर ते येतील कशाला रे बाळा?"

संध्याकाळी ते पलीकडे हाक घालत, "चाय निवली रेऽऽ!" सुमनताई तिकडच्या काठावर येऊन हात करी. तिच्या मागे कोणी नसे. तात्या चहा पऱ्ह्यात ओतून परत येत. "माज्या डोळ्यांदेखत ती या वाटेनं येऊदे," एवढंच म्हणत.

यंदा आषाढात मी वसतिगृहात होतो. वाडीत रेंज नसते. आईने सड्यावर चढून फोन केला.

"तात्या गेले रे, परवा रात्री."

त्यांच्या घरात चूल पेटली नव्हती, ती म्हणाली. सकाळचा चहा पलीकडच्या वाडीने आणला.

"एवढा वळसा घालून?"

"नाय रे. कमरेएवढ्या पाण्यात उभं ऱ्हाऊन त्यांनी त्यांच्या काठाचा अर्धा बांदला. सुमन फुडं, किटली घेऊन. चाय गरम होती."