कललेला पांढरा किल्ला

३१ ऑक्टोबर २०२१, रविवार. हूफडॉर्प, नेदरलँड्स.

हिवाळ्यासाठी रात्री घड्याळं एक तास मागे गेली. सकाळी कपडे मशीनला लावले, भाजी आणली आणि मागच्या अंगणात दिवाळीचा किल्ला करायला बसले.

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहितेय, कारण दीड वर्ष मनावर असलेलं एक ओझं आज उतरलं...

बाबा जून २०२० मध्ये गेले. हृदयविकाराने, चिंचवडच्या घरीच. विमानं बंद होती. मी सगळं इथून स्क्रीनवर पाहिलं. गेल्या दिवाळीत काहीच केलं नाही. यंदा वर्षश्राद्ध झालं, तेव्हा आईच म्हणाली, आता किल्ला कर.

आमचा किल्ला नेहमी पांढरा असायचा. माझ्या जन्माआधी कंपनीने बाबांना तीन महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे एका रविवारी ते हिमेजीचा किल्ला बघून आले आणि मग कायमचे त्याचेच झाले. बिल्डिंगखाली बाकीच्यांचे रायगड, प्रतापगड... आमचा हिमेजी. तिथले लोक त्याला पांढऱ्या बगळ्याचा किल्ला म्हणतात.

सिंहासनावर महाराज मात्र आपलेच. शेजारचे काका दरवर्षी विचारायचे, "काय हो, महाराज जपानला कधी गेले होते?" बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "गेले असते तर वर जाणारा रस्ता बघून खूश झाले असते." तो रस्ता म्हणे असा फिरवलाय, की किल्ला समोर दिसतो आणि शत्रू भलतीकडेच चालत राहतो.

बाबांची आवडती गोष्ट तिथल्या मुख्य सुताराची. किल्ला पुरा झाल्यावर त्याने बायकोला दाखवायला नेलं. ती म्हणाली, सुंदर आहे, पण जरासा कललाय. हिलासुद्धा दिसतंय म्हणजे आपण चुकलोच, असं वाटून त्याने वरून उडी घेतली.

ही दंतकथा. पण तीनशेहून जास्त वर्षांनी दुरुस्तीसाठी किल्ला उकलला, तेव्हा तो खरंच कललेला निघाला. वजनाने खालची जमीन खचली होती. "सुताराचं माप बरोबर होतं," हे बाबा दरवर्षी सांगायचे. इंजिनिअर माणूस...

आमचं हूफडॉर्प म्हणजे आटवलेल्या तळ्याचा तळ. माती चिकट आणि सदा ओली. आत रचायला दगड-विटा नव्हत्या, पोतंही नव्हतं. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके मात्र ढीगभर होते, तेच एकावर एक रचले. वरून माती थापली, भिंतीचा उरलेला पांढरा रंग दिला. आळीव पेरून उगवायची वाट बघावी लागली नाही. इथे सुपरमार्केटात उगवलेलाच डबीत मिळतो. अर्धी डबी पायथ्याशी लावली.

दुपारी आईला व्हिडिओ कॉल केला. तिने चष्मा लावला, फोन जवळ घेतला.

"छान झालाय गं. पण जरा कललाय."

खरंच कलला होता. खालचा खोका भिजून बसला होता. आम्ही दोघीही हसलो. हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तेव्हा नको म्हटलं नसतं, तर बाबांनीच येऊन सरळ बांधला असता."

फेब्रुवारी २०२० मध्ये आईबाबा माझ्याकडे यायचे होते. तिकिटं काढायच्या आधी मीच म्हटलं, ऑफिसात गडबड आहे, मे महिन्यात या. मार्चमध्ये सगळं बंद झालं. मी नको म्हटलं नसतं तर शेवटचे महिने ते माझ्याजवळ असते... हे मी कुणाला बोलले नव्हते.

आईने चष्मा काढला. मग म्हणाली, "अगं, तू या म्हणाली असतीस तरी ते आले नसते. जानेवारीतच डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं होतं. तुला कसं सांगायचं म्हणून आठवडाभर नुसते येरझारा घालत होते. तुझा फोन आला आणि म्हणाले, सुटलो, पोरीनेच पुढे ढकललं. त्या आनंदात वाटीभर श्रीखंड खाल्लं, तेही डॉक्टरांनी नको म्हटलेलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती त्यांनी. आणि तू हे धरून बसलीयस, मला काय माहीत? तू बोलतेस कुठे? अगदी बापासारखी."

मी कॅमेरा किल्ल्याकडेच ठेवला होता, ते बरं झालं.

त्यांनी मला कळू दिलं नाही आणि मीही कुणाला कळू दिलं नाही. आई मध्ये नसती तर ही गोष्ट तशीच राहिली असती... फोनवर तिचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून इथे मानते.

फोन ठेवल्यावर किल्ला सरळ करायला वाकले. मग राहू दिला. हात धुतले, ब्रेडला लोणी लावलं, डबीतला उरलेला आळीव कात्रीने कापून वर पसरला आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ला.