गेलेल्याची वाट

माझा मामा गटाराच्या पाण्याचे नमुने घेतो. पोलिओ देशातून गेला खरा, पण परत आला तर आधी त्या पाण्यात कळतं. मावशी लहानपणच्या पोलिओनं लंगडते, तरी थट्टेत तीच पुढे. "दादा, गेलेल्याची वाट कसली बघतोस?"

परवा पाण्यात पोलिओ सापडला. साहेबांचं एकच टुमणं, "कुणाच्या घरातून आला?" अख्ख्या शहराचं पाणी एकाच गटारात येतं, मामा काय कपाळ सांगणार?

घरी येऊन तो आपल्या छोट्या नातीला म्हणाला, "जरा चालून दाखव बघू."

ती नेहमीसारखी मावशीची नक्कल करत लंगडत आली. सगळ्यात आधी मावशीच हसली. मामा म्हणाला, "आता नक्कल न करता चाल."