तो पस्तीसशे म्हणाला

मी केव्ह डायव्हिंग करायचे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या कमरेच्या घेराकडे बघतात. बघू देत. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, मूळची नागपूरची. मिशिगनमधल्या ट्रॉयला मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहायचे आणि वर्षातून दोनतीन लाँग वीकेंडना फ्लोरिडात जाऊन जमिनीखालच्या पाण्यात शिरायचे. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. ते शिस्तीचं काम होतं, आणि मला शिस्तीची कामं आवडतात.

आम्ही तिघं असायचो. पुणेकर व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला होता. हे खूळ मुळात त्याचं. सांगलीकर माझ्याच ऑफिसात, दोन क्युबिकल सोडून बसायचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून मला ताई म्हणायचा. त्याच्याइतका भिडस्त माणूस मी दुसरा पाहिला नाही. व्हॅनमध्ये मागची सीट त्याची. मोटेलमधला खडखडणारा एसी ज्या खोलीत, ती खोली त्याची. काही विचारलं की "चालतंय की." मला कधीकधी इतका राग यायचा त्या चालतंय कीचा! पण खरं सांगायचं तर सोयीचं पण होतं. कोणीतरी मागच्या सीटवर बसायलाच लागतं.

२००६ चा मे महिना होता, शेवटचा लाँग वीकेंड. आम्ही शुक्रवारी पोचलो. डाइव्ह केल्यावर दिवसभर विमानात बसायचं नसतं, त्यामुळे शनिवार-रविवार पाण्यात आणि सोमवारी परत, असं ठरलेलं.

ज्या झऱ्यावर आम्ही जायचो तो वरून बघितला तर साधा डोह. उतरायला लाकडी पायऱ्या, भोवती ओकची झाडं, ट्यूबवर तरंगणारी कुटुंबं, हॉटडॉगचा वास. डोहाच्या तळाशी एक फट आहे. तिच्यातून झऱ्याचं पाणी सतत बाहेर येत असतं, आणि त्या धारेच्या विरुद्ध आपण आत शिरायचं. आत चुनखडीचा बोगदा. डोक्यावर दगड, म्हणजे घाबरून वर यायची सोय नाही. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत. तळाशी एक दोर बांधलेला असतो, तो सोडायचा नाही.

आणि हवेचा नियम. पाठीवरच्या टाक्यांतली एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावता शिल्लक. ती शिल्लक आपल्यासाठी नसते, जोडीदारासाठी असते. उतरण्याआधी पाण्यात उभं राहून प्रत्येकाने आपल्या गेजवरचा, म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचा, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि शेजारच्याने त्याच्या गेजकडे बघून तो पक्का करायचा. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याच्यावरून सगळ्यांचा हिशोब. आमचा शिकवणारा म्हातारा आधी अग्निशमन दलात होता. तो आम्हाला कोरड्यात, गवतावर उभं करून हे वीस वीस वेळा करायला लावायचा. पुणेकर वैतागायचा. मी नाही.

त्या बोगद्यात हजार फुटांच्या जरा पुढे एक मोठं दालन आहे. भिंती पांढऱ्याशुभ्र, छत इतकं उंच की टॉर्च वर धरला तरी नीट दिसत नाही, असं ऐकलेलं. मला ते बघायचं होतं. का बघायचं होतं? हट्ट. मागच्या नोव्हेंबरात पुणेकराचा दिवा गेला म्हणून आम्ही अर्ध्यातून परतलो. आणि ह्या शनिवारी तर माझाच मास्क गळायला लागला. मी अंगठा वर केला, म्हणजे चला बाहेर. कोणी कधीही तसं करू शकतो आणि का म्हणून विचारायचं नाही, असाही नियम आहे. कोणी विचारलं नाही. पण मी संध्याकाळभर धुसफुसत होते, ते दोघांनी बघितलं.

रविवारी सकाळी पुणेकर पार्कच्या ऑफिसात आमची नावं नोंदवायला गेला होता. मी आणि सांगलीकर पायऱ्यांजवळच्या बाकावर सामान जोडत होतो. त्याने टाकीची तोटी उघडली तर रेग्युलेटरच्या, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या नळीच्या, सांध्यातून हवा सूं सूं करत बाहेर. घाईघाईत बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. आतली रबरी रिंग चिरलेली होती. ती बदलेपर्यंत तीनचार वेळा उघडझाप झाली आणि बरीच हवा गेली. मी स्वतः त्याला नवी रिंग काढून दिली. टाकी पुन्हा भरायची तर चाळीस मिनिटांवरचं दुकान गाठायचं, तिथे लाँग वीकेंडची रांग, म्हणजे दिवस गेलाच. हे आम्ही दोघं बोललो नाही. दोघांनाही कळत होतं.

पुणेकर आला, आम्ही पाण्यात उतरलो, छातीभर पाण्यात गोल करून उभे राहिलो.

"छत्तीसशे," पुणेकर म्हणाला. सांगलीकराने त्याचा गेज बघून मान हलवली.

"छत्तीसशे," मी म्हणाले. पुणेकराने बघितलं.

"पस्तीसशे," सांगलीकर म्हणाला. त्याचा गेज बघायचं काम माझं होतं.

मी माझ्या मास्कचा पट्टा घट्ट केला. तो आधीच घट्ट होता. मग मी म्हणाले, "ओके, अकराशे वापरले की परत," आणि आम्ही गेलो.

हे मी मुद्दाम इथेच सांगून टाकते, कारण पुढे मी जे वागले ते ह्याच्यासकट वाचलं जावं.

आत सगळं नीट झालं. आम्ही चोवीस मिनिटांत दालनात पोचलो. ते होतं तसंच, पांढरं, प्रचंड, पूर्ण शांत. फक्त आपल्या श्वासाचे बुडबुडे छताला जाऊन फुटताना ऐकू येत होते. सांगलीकराने लगेच परतायची खूण केली. म्हणजे त्याचे अकराशे वापरून झाले होते. मी एक बोट दाखवलं, एक मिनिट. एक मिनिट मी वर बघत राहिले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

परतताना मधे एक बुटका टप्पा लागतो. तिथे पुणेकराच्या पायातली फिन तळाला लागली आणि गाळ उठला. समोर एकदम ताकासारखं पाणी. हाताचा तळवा दिसेना. अशा वेळी दोर मुठीत धरून, पुढच्याच्या पोटरीला हात लावून, हळूहळू सरकायचं असतं. आम्ही तसंच केलं. पुणेकर पुढे, मी मधे, सांगलीकर मागे. माझ्या पोटरीवर त्याचा हात होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता, फार भराभर चालला होता. किती हवा असेल ह्याच्याकडे, ह्याचा मी मनातल्या मनात हिशोब करत होते आणि तो जमत नव्हता, कारण सुरुवातीचा आकडाच मी बघितला नव्हता.

गाळ संपला तिथे पाणी पुन्हा काचेसारखं झालं, आणि मागून दिव्याचा झोत जोरजोरात आडवा हलायला लागला. मी वळले. त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपली.

माझ्या तोंडातलं रेग्युलेटर काढून मी त्याला दिलं, गळ्यात अडकवलेलं दुसरं स्वतः घेतलं. गवतावर वीस वेळा केलेलं काम. हात आपोआप चालले. त्याने पहिला श्वास घेतला तेव्हा मास्कमधून त्याचे डोळे मला दिसले. त्यांचं वर्णन मी करत नाही. मग लांब नळीने एकमेकांना बांधल्यासारखे आम्ही दोघं, पुढे पुणेकर, असे बाहेर आलो. माझी शिल्लक जवळजवळ सगळी लागली.

वर उन्हात आल्यावर पुणेकराने सांगलीकराचा गेज हातात घेतला, बघितला, आणि विचारलं, "अबे, पस्तीसशे होते ना तुझे?"

"सत्तावीसशे," सांगलीकर म्हणाला.

आणि मग माझं तोंड सुटलं. काठावर पोरंबाळं घेऊन बसलेली माणसं वळून बघायला लागली इतकी मी ओरडले. अक्कल गहाण टाकली होती का? घरी तुझी बायको वाट बघतेय, तिला मी काय सांगायचं होतं? आकडा खोटा सांगतोस? हा काय ऑफिसचा टाइमशीट आहे? तो मान खाली घालून ऐकत होता. त्याचे ओठ अजून निळसर होते. "माझं चुकलं ताई," तो म्हणाला. "दोनदा तुझं राहिलं होतं. माझ्यामुळे तिसऱ्यांदा नको म्हटलं." त्याने ते म्हटल्यावर तर मी जास्तच चिडले. पुणेकर म्हणाला, "जाऊ दे यार, जिवंत आहे ना," तरी मी थांबले नाही.

आज मला माहीत आहे की मी एवढ्या मोठ्याने का ओरडत होते. जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

दिवसभर तो माफी मागत राहिला. सामान धुताना मागितली. जेवताना मागितली. पुणेकराची वेगळी मागितली. मी म्हणाले, "ठीक आहे, पुन्हा असं करू नकोस." मी त्याला माफ केलं! मोठ्या मनाने. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती काही थकव्यामुळे नाही.

सोमवारी पुणेकराचं विमान सकाळचं होतं. त्याला सोडून, मोटेलवरचं सामान घेऊन आम्ही दोघं दुपारच्या विमानासाठी मागाहून निघालो. मी व्हॅन चालवत होते. सांगलीकर मागच्या सीटवर जाऊन बसला, पुढची रिकामी असताना. मी म्हटलं, "पुढे ये." आला. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, सरळ रस्ता. पंधरावीस मैल मी तेच तेच वाक्य मनात जुळवत होते. शेवटी नीट जुळलेलं नसतानाच बोलले.

"मला माहीत होतं. रिंग बदलताना मी तिथेच होते. पस्तीसशे असणं शक्यच नव्हतं. मी गेज बघितला नाही, कारण बघितला असता तर जाता आलं नसतं."

मला वाटलं आता चिडेल. चिडायला हवं होतं त्याने.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "तू पट्टा ओढत होतीस तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होतो. गेज हातात धरून ठेवला होता, तुला दिसेल असा. मला स्वतःहून नको म्हणवेना गं. वाटलं, ताई एकदा बघेल, ओरडेल, आणि आपण जाऊ दुकानात."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून येणारा ट्रक हॉर्न मारत गेला. मला रडू आलं, आणि मला कोणासमोर रडायची सवय नाही. त्याने डॅशबोर्डवरचे टिश्यू पुढे केले. आणि म्हणाला, "जाऊ दे ताई. माझंच चुकलं."

"नाही," मी म्हणाले. "गप्प बस. ते वाक्य आता तू नाही म्हणायचंस."