वर्ध्याच्या डोराबाईचे पत्ते

आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून कुठं जायचं म्हटलं, आणि तेही वर्ध्याला, पत्ते पाहून भविष्य सांगणाऱ्या एका बाईकडं. एकोणीसशे पन्नासनंतरची ही गोष्ट. आम्ही आर्वीला राहत होतो. वडील शिंपीकाम करायचे आणि मी नुकताच प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. जादूटोणा, भगत, हात पाहणारे या सगळ्यांचा मला मनस्वी राग. आईचा हा बेत ऐकला तेव्हा मी एवढंच म्हणालो, "जाशील त मी येतो संगं." मनात मात्र त्या बाईला रंगेहाथ पकडायचं ठरवून टाकलं होतं.

कारण असं, की माझा थोरला भाऊ वसंतादादा गिरणीत काम शोधतो म्हणून नागपूरला गेला होता आणि पुढच्या दोन दिवाळ्या त्याचा पत्ताच नव्हता. वडील दोनदा नागपूर धुंडाळून आले. इकडे माझी बहीण सुशी लग्नाची. हिंगणघाटचं चांगलं स्थळ आलं होतं, मुलाकडच्यांनी दोनदा विचारलंही होतं. पण थोरला आल्याशिवाय दारात मांडव पडणार नाही, असं आईनं धरून ठेवलं. सुशी नुसती बटणं शिवत बसे.

डोराबाईचं नाव आणलं माझ्या मामानं. गणपतमामा सेलूला राहायचा, केळीचा व्यापार करायचा, त्यामुळं वर्ध्याला त्याचं सारखं जाणंयेणं. रेल्वेत ड्रायव्हर असलेल्या एका गोऱ्या-काळ्या मिश्र घराण्यातल्या साहेबाची ती विधवा. तिच्याकडे चित्रांचे पत्ते आहेत आणि लोक लांबलांबून येतात, असं त्यानं आईला सांगितलं. तू गेला होतास का, असं मी विचारलं, तर म्हणाला, नाही, नुसतं ऐकून आहे. माझा संशय तिथूनच सुरू झाला. जो माणूस केळीचा घडसुद्धा चार वेळा उलटसुलट करून घेतो, तो ऐकीव गोष्टीवर बहिणीला एवढ्या लांब बोलावतो कसा?

थंडीचे दिवस होते, कपाशीची वेचणी चालू होती. तेव्हा आर्वीहून पुलगावला छोटी गाडी असे. ती इतकी सावकाश चालायची, की उतरून चार बोरं वेचून पुन्हा चढता येई. आज जाणार असाल तर तिचा शोध घेऊ नका, ती केव्हाच बंद पडली. एसटीनं जा. डबा निम्मा कापसाच्या बोऱ्यांनी भरलेला, आम्ही त्यांच्यावरच बसलो. पुलगावला मोठ्या लाइनीच्या पॅसेंजरची वाट बघताना मी आलूबोंडा खाल्ला. आईनं खाल्ला नाही. उपास आहे म्हणाली. उपासाचा वार कुठलाच नव्हता.

मामा वर्धा स्टेशनवर वाट बघत उभा होता, डोक्याला फेटा आणि काखेत पिशवी. टांगा नको म्हणाला, पायीच जाऊ. वाटेत गोरसपाक, म्हणजे वर्ध्याचा तुपातला बिस्किटासारखा खाऊ, घ्यायला थांबलो. तुम्हीही घ्या, चहात बुडवून खाल्ला तर वर्ध्याला आल्याचं सार्थक होतं. रेल्वेच्या वसाहतीमागं बैठ्या घरांची एक रांग होती. शेवटच्या घराला मेंदीचं कुंपण आणि लाकडी फाटक. फाटकाला बाहेरून कडी दिसेना. ते उघडायचं कसं, म्हणून मी वाकून बघू लागलो. तेवढ्यात मामानं आईशी बोलता बोलता कुंपणावरून हात आत टाकला, खालच्या बाजूची तारेची अडकवण न बघता वर उचलली आणि फाटक ढकललं.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं फेटा सारखा केला.

डोराबाई साठीच्या, सावळ्या, फुलाफुलांचा झगा आणि पायांत पुरुषी चपला. बोलणं रेल्वेचं हिंदी, मधूनच आपल्याकडचा एखादा शब्द. ओसरीत वेताच्या दोन खुर्च्या आणि एक तिवई. धूप नाही, कवटी नाही, काळा कपडा नाही. मला वाटलं, हा तर आणखी पक्का बनाव.

तिनं रुमालातून पत्ते काढले. आपल्या खेळायच्या पत्त्यांपेक्षा लांब, कडा मळलेल्या. याला टॅरो म्हणतात, ती म्हणाली. तिच्या मावशीनं मरताना तिला दिलेले. आई म्हणाली, "तारो? म्हंजे तारनारे का?" बाई हसली नाही. तिनं नीट समजावून सांगितलं, की एकूण अठ्ठ्याहत्तर पत्ते असतात. त्यांतले बावीस मोठे, म्हणजे राजा, जोगी, सूर्य, चंद्र असे. बाकीचे खेळायच्या पत्त्यांसारखेच, फक्त बदाम-चौकटऐवजी प्याले, तलवारी, काठ्या आणि मोहरा. पत्ता उलटा आला तर अर्थ फिरतो. आणि ज्याचा प्रश्न, त्यानंच पिसायचे.

आईनं पत्ते पिसले. तिच्या हातून दोनदा सांडले. मग डाव्या हातानं काटायला सांगून बाईनं तीन पत्ते उपडे मांडले. मी तिच्या बोटांवरून नजर हलवली नाही. पण म्हणून काय, बोटं तिची होती आणि सवयही तिची.

पहिला पत्ता उलटला. डोंगरावर उभा एक म्हातारा, हातात कंदील. आई म्हणाली, हा तर आमचा कोतवाल दिसते. बाई म्हणाली, हा एकटाच शोधत फिरतो. एवढ्यावर तिनं पुढचा उचलला. घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा, घोड्याच्या पायाशी माणसं पडलेली.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. मी उठलो आणि म्हणालो, चल आई, बस झालं. बाईनं मला हातानं बस म्हटलं. या पत्त्याला सगळे घाबरतात, ती सांगू लागली, पण हा माणसाच्या मरणाचा नाही, एखादी गोष्ट संपल्याचा आहे. मी चिडून विचारलं, मग माझा भाऊ जिवंत आहे का नाही, ते सांगा.

"मुझे नहीं मालूम," ती म्हणाली. "पत्ते को भी नहीं मालूम. जो बोले मालूम है, वो झूठा है."

हे मी अपेक्षिलं नव्हतं. 'येईल, पण ग्रहांची शांत करावी लागेल' हे ऐकायची आणि मग भांडायची तयारी करून मी आलो होतो.

तिसरा पत्ता तिनं आईलाच उलटायला लावला. काळं पांघरूण घेतलेलं कुणीतरी मान खाली घालून उभं आणि पायांपुढं सांडलेले प्याले. बाई अर्थ सांगेना. क्या दिखता है, एवढंच विचारलं. आई पत्ता डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. एक बाई रडून राहिली आहे, म्हणाली. तीन प्याले लवंडले आहेत.

"और?"

आईनं पत्ता उजेडाकडे धरला. मग हळू म्हणाली, "मांगं दोन उभे हायेत. भरलेले. तिचं ध्यानच नाई तिकडं."

बाईनं काहीच जोडलं नाही. पत्ते गोळा करून रुमालात बांधले आणि आम्हाला कोरा चहा दिला. आईनं तो घेतला.

मुक्कामाला सेलूला जायचं होतं. मोटारीत आई पुढं बायकांत बसली, मी आणि मामा मागं. नालवाडी मागं पडल्यावर मी मामाला विचारलं, फाटकाची अडकवण ठाऊक कशी? आधी म्हणाला, सगळी फाटकं सारखीच. मग बाहेर बघत म्हणाला, "गेलतो मी. आठ-पंधरा दिवस झाले. म्या तिले म्हनलं, माह्या बहिनीले सांग का पोरीचं लगन आधी कर, मंग पोरगा येते."

"मंग?"

"हाकलून देल्लं तिनं. म्हने, बहिनीले घेऊन ये, मी खोटं बोलनार नाई."

त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, कळेना. घरात आणखी दोन लेकरं आहेत, मी आणि सुशी, हे तिला त्यानंच सांगितलेलं असणार. मग तो पत्ता आपोआप आला, की तिच्या बोटांनी आणला? आणि मामा आत्ता तरी खरं बोलतोय का? सेलूला मामीनं वांग्याची भाजी, भाकर आणि ठेचा वाढला. आई पोटभर जेवली. मी भाकर कुस्करत बसलो. आपल्याच माणसानं आईला फशी पाडलं, हेच डोक्यात घोळत होतं.

सकाळी वर्धा स्टेशनवर गाडीला अवकाश होता. मामा निरोप घेऊन गेल्यावर मी आईला सगळं सांगून टाकलं. ती चिडेल, रडेल असं वाटलं होतं. ती पदराच्या टोकानं चष्मा पुसत होती.

"मले फाटकापाशीच समजलं," ती म्हणाली. "गनपत लहानपनापासून असाच हाये."

"मंग आत काऊन गेली तू?"

"तुमी कोनी म्हनलं असतं त मी ऐकलं नसतं. अन ते दोन प्याले तिनं नाई सांगतले. ते म्या पाह्यले."

गाडी आली. पुलगावला तिनं स्वतःहून आलूबोंडा मागितला.

घरी पोचलो त्या संध्याकाळी तिनं वडिलांना हिंगणघाटला निरोप धाडायला सांगितलं. वडिलांनी हातातला कपडा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. सुशी आत निघून गेली.

दादाचं काय झालं, तेही सांगून टाकतो. तो आला. सुशीचा मुलगा रांगायला लागला होता तेव्हा. चांद्याकडं कोळशाच्या खाणीत होता. कळवायची लाज वाटली म्हणे. आईनं त्याला आधी जेवू घातलं आणि मग जे बोलायचं ते बोलली. तो येणार हे कुठल्याच पत्त्यात नव्हतं, आणि येणार नाही हेही नव्हतं.

हल्ली टॅरो मोबाइलवर मिळतो. लोक मला विचारतात, जावं का? मी अजून कुणाला जा म्हणत नाही. जाल तर बाईच्या बोटांकडे बघा, आणि तुम्हाला तिथं घेऊन जाणाऱ्याकडे त्याहून जास्त बघा. माझा संशय खरा निघाला होता, पण त्याचा उपयोग काहीच झाला नाही.

सुशीचं लग्न त्या थंडीनंतरच्या उन्हाळ्यात झालं. मांडवात कानपिळीची वेळ आली, तसा भटजींनी नवरीच्या भावाला हाक मारली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, थोरला तर नाही. मी खांबाशी उभा होतो, सवयीनं मागंच. आई गर्दीतून आली, माझ्या दंडाला धरलं आणि पुढं ढकललं.

"हा काय उभा हाये भाऊ," ती म्हणाली.

मी नवरदेवाचा कान इतका जोरात पिळला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.